कठड्यावरून ट्रॅक्टर

"काकू, काल रात्री तुमच्याकडे केवढा आरडाओरडा! आमच्या ह्यांना वाटलं, भांडण जुंपलं."

"भांडण कसलं, ट्रॅक्टर चालू करत होते."

"इथं कलकत्त्यात, भवानीपुरात?"

"फोनवर गं! विट्याला दिरांचा जुना ट्रॅक्टर आहे. पेरणी तोंडावर, आणि किल्ली फिरवली की नुसतं टक्. सेल्फ फिरेना. दिरांनी तडकाफडकी नवी बॅटरी आणली, तरी टक्. आमचे हे सोनापट्टीतलं गलाईचं दुकान बंद करून आले आणि लागले हुकूम सोडायला. प्लग काढ, कॉइल बघ!"

"डिझेलला कॉइल?"

"यांचं सगळं ज्ञान ॲम्बॅसेडरवरचं. तिचा उत्तरपाड्याचा कारखाना 2014 साली थांबला, यांची गाडी डोक्यात अजून पळतेय. पेट्रोलला ठिणगी लागते. म्हणून तर पावसात रस्ता तुंबला की डिस्ट्रिब्यूटरमध्ये ओल शिरून गाडी आडवी. डिझेल दाबून तापलेल्या हवेनंच पेटतं. काहींना थंडीत हवा तापवायचा प्लग असतो, पण तो ठिणगीचा नव्हे."

"तुम्हाला बरं एवढं ठाऊक!"

"मला कुठलं? मल्लिकबाजारच्या मिस्त्रीला व्हिडिओवर घेतला. तो बंगाली-हिंदीत बोलणार, हे मराठीत ओरडणार. मिस्त्री म्हणाला, दिवे लावून किल्ली फिरव. दिवे लखलखीत राहिले तर दोष सोलेनॉइडात नाहीतर सेल्फमध्ये. विझायला आले तर बॅटरी उतरलीय, नाहीतर करंटच्या वाटेत कुठंतरी जोड खराब."

"मग?"

"दिवे मिणमिणले. मीटर लावला तर बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग उरला जोड. तेवढ्यात पुतण्या चाकापाशी उभा राहून स्क्रूड्रायव्हरनं सेल्फ शॉर्ट करायला निघाला. तेव्हा मिस्त्री जो ओरडला..."

"तो आवाज होय!"

"ओरडेल नाहीतर काय! तसा सेल्फ मारला आणि ट्रॅक्टर गिअरात असला, तर उभ्या माणसाच्या अंगावरून जातो. माणसं मेलीत अशी. मग गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड आणि पोरगं सीटवर. दिरांनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. किल्ली फिरवली, आणि धडधडला की!"

"म्हणजे अर्थिंगच?"

"अर्थिंगच. पट्टी चिखलानं आणि गंजानं खाल्लेली. निगेटिव्ह आधी काढली, पॉलिशपेपरनं लोखंड चकचकीत केलं, पट्टी बदलली, निगेटिव्ह शेवटी लावली. खर्च म्हणशील तर त्या पट्टीचाच."

"आणि नवी बॅटरी?"

"ती म्हणे इन्व्हर्टरला. दीर म्हणतात, मी आणलीच होती त्यासाठी. जाऊ म्हणते, इन्व्हर्टर कधी घेतला ते आधी सांगा!"