सोंडवाले मामा

नवी मुंबईत सेक्टर तिथे उद्यान, उद्यान तिथे हास्यक्लब, आणि दर दोन सोसायट्यांमागे एक दुरुस्तीवाले मामा. त्यांच्यातली दुर्मीळ जात व्हॅक्यूम क्लीनरवाल्या मामांची. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुठल्यातरी कंपनीच्या मेंटेनन्समध्ये हयात गेलेली, निवृत्तीनंतर हात शिवशिवतात आणि मामी मिक्सरला हात लावू देत नाहीत.

मामा सकाळी फिरायला जातात ते शुगरसाठी, असं डॉक्टरांना वाटतं. खरा रोख सोसायटीमागच्या भंगाराच्या कोपऱ्यावर असतो. टीव्ही, खुर्च्या, मोडका पाळणा यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. पण फाटक्या गादीआडून सोंडेचं टोक दिसलं की चाल बदलते. वॉचमनशी बोलणं झालेलं आहे: भंगारवाल्याआधी मामांना मिस कॉल. भंगारवाला मशीन किलोवर घेतो, मामा एका कटिंगवर.

ही मशिनं फेकली जातात याचं कारण ती घेतली कशी गेली यात आहे. युरेका फोर्ब्स १९८२ साली सुरू झाली आणि टायवाले विक्रेते दारोदार फिरून ज्याच्या त्याच्या गादीतली धूळ त्यालाच काढून दाखवू लागले. चारचौघांसमोर आपल्या गादीची अब्रू गेल्यावर नाही कोण म्हणणार? १९९२ साली लोकल वाशीपर्यंत आली, चाळीतली बिऱ्हाडं खाडी ओलांडून मोठ्या घरांत आली आणि सामानाबरोबर मशीनही आलं. मग कामवाल्या बाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि केरसुणी उचलली. तेव्हापासून मशीन वर्षभर माळ्यावर. दिवाळीच्या साफसफाईला खाली उतरतं, पाच मिनिटं किंचाळतं, गरम होऊन बंद पडतं. ‘मोटर गेली,’ असं घरातला कर्ता पुरुष जाहीर करतो.

मोटर गेलेली नसते. मामा बाल्कनीत वर्तमानपत्र पसरतात, टोपण उघडतात आणि पिशवी झटकतात. तीन दिवाळ्यांची धूळ, टिकल्या, केसांचे गुंते, तांदूळ, एक घुंगरू आणि कुणाच्या तरी कानातल्याची फिरकी. बऱ्याच मशिनांत ओढलेली हवाच मोटरीवरून जाऊन तिला थंड करते. पिशवी गच्च भरली की हवा थांबते, मोटर तापते आणि आतला कटआउट तिला बंद करतो. निम्मी पेशंटं या एका झटक्यात बरी होतात. मामांना मात्र याचा मनापासून विरस होतो. खोलण्यासारखं काही उरतच नाही.

खरा आनंद कार्बनचा. मोटरीच्या फिरत्या तांब्यावर स्प्रिंगने दाबलेले कोळशाचे दोन ठोकळे झिजून नखाएवढे होतात, ठिणग्या उडतात, जळका वास येतो. नेमके मापाचे मिळाले नाहीत, तर मामा जरा मोठे आणून पॉलिश पेपरवर घासत बसतात. शिट्टीसारखा आवाज आला तर बेअरिंग. फर्निचर करताना घरात पडलेली पीओपीची भुकटी कुणी मशीनने ओढली असेल, तर मामा त्या घराला नावानिशी शिव्या घालतात. ती बारीक भुकटी फिल्टरमधून सुटून बेअरिंगपर्यंत पोचते.

‘अहो, हा चौथा,’ मामी म्हणतात.

‘हा आपला नाही. ताईचा.’

ताईला हे माहीत नसतं. इथून खानदानाची परीक्षा सुरू होते. नेरूळच्या ताईला एक, ऐरोलीच्या भाचीला लग्नात एक (आहेर म्हणून, वर गुलाबी रिबीन), खारघरच्या पुतण्याला वास्तुशांतीला एक. ‘मामा, आमच्याकडे रोबो आहे हो,’ तो अजिजीने म्हणतो. मामा सोफ्याखाली वाकून बघतात. रोबो चार्जरच्या वायरीत गुरफटून पडलेला. ‘आहे ना. याला बाहेर काढायला हे ठेव.’ नाही म्हणायची सोय नाही, कारण मामा वर्षातून दोनदा सर्व्हिसिंगला येतात आणि मशीन वापरलं की नाही हे पिशवी उघडून ओळखतात. रिकामी पिशवी दिसली की त्या घरी चहासुद्धा घेत नाहीत. म्हणून काही नातलग ते येण्याच्या आदल्या रात्री मशिनाला मुद्दाम थोडी धूळ चारतात.

मामांपाशी कायदाही आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांच्या यादीत व्हॅक्यूम क्लीनर आला. म्हणजे तो ओल्या-सुक्यात टाकायचा नाही, अधिकृत संकलनाकडे द्यायचा. सोसायटीच्या सभेत मामा हे उभं राहून सांगतात. अधिकृत संकलन म्हणजे आपली बाल्कनी, हे सांगत नाहीत.

तेव्हा यंदा माळ्यावरून एखादं मशीन निघालं, तर भंगारात टाकण्याआधी प्लग काढून पिशवी तेवढी उघडून बघा. आणि चालू झालं तर मामांच्या कानावर घालू नका. त्यांना वाटेल तुम्हाला आवड आहे, आणि पुढच्या रविवारी दुसरं घेऊन येतील.