मंडळी पाळणारा माणूस

बँकेच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ म्हणून एक रकाना असतो. त्यात मी ‘पाळक’ असं लिहिलं. काउंटरपलीकडच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, फॉर्म उजेडात धरला आणि विचारलं, ‘‘काय पाळता? गाई का कोंबड्या?’’

‘‘मंडळी,’’ मी म्हणालो.

साहेब क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग शेजारच्या टेबलाकडे तोंड करून म्हणाले, ‘‘ऐकलंत का? हे मंडळी पाळतात. मग आपण गेली बावीस वर्षं घरी काय करतोय?’’

त्यांचं काही चुकलं नाही. मराठीत मंडळी म्हणजे बायको, किंवा मग नाटक मंडळी, भजनी मंडळी. आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे देवळात येणारा सगळा समाज, आणि न येणाराही, कारण त्याची वर्गणी बाकी असते. ही मंडळी सांभाळतो तो पाळक. ‘पाद्री’ लिहिलं असतं तर साहेबांना चट्कन कळलं असतं. पण पाद्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं हिंदी सिनेमातला पांढरा झगा उभा राहतो आणि तो झगा प्रत्येकाला ‘माय सन’ म्हणतो. मी नेवासे तालुक्यात बाजरीच्या भाकरीवर वाढलेला माणूस. मी ‘माय सन’ म्हणालो तर आमच्या मंडळीतले नाना विचारतील, ‘‘कुठला सण?’’

साहेबांनी रकान्यात शेवटी काय टाइप केलं ते मला दिसलं नाही. मीही विचारलं नाही. मागं रांग होती.

पाळक हा शब्द मेंढपाळाकडून आलेला, पण मला मेंढरांतलं काय कळतं, हे एका दिवाळीत उघडं पडलं. आमच्या देवळाला लागून असलेल्या शेतात धनगरांचा वाडा उतरला होता. शेतकरी धान्य देऊन मेंढरं रानात बसवून घेतात, तेवढंच खत होतं. त्या रविवारी मी हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगत होतो. शंभरातलं एक हरवतं, तर मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो. बोलता बोलता, कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून माझ्या डोक्यात शिरलेलं ‘कळपातलं काळं मेंढरू’ही मी ठोकून दिलं. आमचा कर्णा शेजारच्या गावापर्यंत ऐकू जातो, वाड्यावर तर जातोच.

भक्ती संपली तेव्हा एक म्हातारे धनगरबाबा घोंगडी सावरत पायरीवर बसले होते. ‘‘सायेब, काळं न्हाई तर कंच्या रंगाचं आसतंय मेंढरू?’’

मी वळून शेताकडे बघितलं. अख्खा कळप काळाकुट्ट. दख्खनी मेंढरं बहुतेक काळीच असतात, आणि घोंगडी काळी निघते ती त्यांच्याच लोकरीची. पण आमच्या घराघरांतल्या कॅलेंडरवर येशूच्या खांद्यावर जे कोकरू असतं ते साबणाच्या जाहिरातीतून आल्यासारखं पांढरंशुभ्र. पाच वर्षं मी त्या कॅलेंडरावरून उपदेश करत होतो.

‘‘आन ती नव्व्याण्णव कुनाच्या भरवशावर सोडली? लांडगा आसतोय रानात. कुत्रं हुतं का?’’

‘‘तसं शास्त्रात लिहिलेलं नाही, बाबा.’’

त्यांनी जरा विचार केला. ‘‘मंग त्येचा भाऊ आसंल वाड्यावर. ल्हिनाऱ्यानं त्येवढं ऱ्हायलं आसंल.’’ उठता उठता म्हणाले, ‘‘पन येक कमी भरलं की झोप येत न्हाई, ह्ये मातर बराबर ल्हिलंय.’’

माझ्या कपाटात लूकच्या शुभवर्तमानावरची तीन जाड भाष्यं आहेत. त्यांतल्या एकातही तो भाऊ नाही.

आमच्या उपासनेचं म्हणाल तर तिथं दोन पक्ष आहेत, आणि मी दोन्हींच्या मधल्या बाकावर. वडीलधाऱ्यांना पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजनं लागतात. टिळक स्वतः म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि आमचे म्हातारे त्या पुलावरून खाली उतरायला तयार नाहीत. पोरांना कीबोर्ड हवा. कीबोर्ड आला. पहिल्याच आठवड्यात एका अंत्यविधीत, सगळे डोळे मिटून उभे असताना, कुणाचं तरी कोपर ‘डेमो’च्या बटणावर पडलं आणि मयताला लग्नाच्या वरातीची निरोपाची धून मिळाली. नाना पुटपुटले, ‘‘गेला तो सुटला.’’

उपदेश लांबतो ही तक्रार मात्र दोन्ही पक्षांची एकमुखी. त्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज गृहस्थ १५७९ साली गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि सुमारे ११ हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ लिहून बसले. १६१६ मध्ये ते रायतूरला छापलंसुद्धा. त्यापुढं माझी पस्तीस मिनिटं कुठं लागतात? यावर आमच्या आक्का म्हणाल्या, ‘‘ते गाऊन तरी दाखवत असतील.’’

पण मंडळी खरी कळते ती हंगामाच्या सणाला.

खरिपाचं घरात आलं की आम्ही उपकारस्तुतीचा सण करतो. ज्याच्या रानात जे पिकलं ते तो देवापुढं आणतो. वेदीच्या पायऱ्यांवर बाजरीची कणसं, उसाची मोळी, कांद्याच्या माळा, लिंबं, अंडी, तुपाची बरणी, पाय बांधलेला एखादा कोंबडा, असा सगळा आठवडी बाजार भरतो. देवळात एरवी मेणबत्तीचा वास येतो. त्या दिवशी ओल्या कोथिंबिरीचा येतो, आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त भक्तीचा वाटतो. उपासना झाली की अंगणात या सगळ्याचा लिलाव. पुकारायला आमचे निवृत्त गुरुजी. एका अंड्याला दोनशे रुपये येतात. घेणारा पैसे भरतो आणि अंडं परत देवाला देतो. मग ते पुन्हा पुकारलं जातं. असं अंडं दिवसभरात तीन घरं फिरून शेवटी कुणाच्या तरी खिशात फुटतं.

एका वर्षी या सणाला मी याकोब आणि एसाव या भावांवर बोललो. मुद्दाम. मंडळीत दोन सख्खे भाऊ आहेत, बांधावरून दहा वर्षं तारखा चालल्यात. एक डाव्या बाजूच्या बाकावर बसतो, दुसरा उजव्या. सहा निरनिराळी चर्चेस २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एक होऊन उत्तर भारतीय चर्च झालं, हे मी उपदेशात आवर्जून सांगितलं. सहा चर्चेस एक होतात, तर एक हात रुंदीचा बांध काय आहे? दारात हात मिळवताना थोरला कानाशी लागला, ‘‘आज छान झालं, पाळकसाहेब. त्याला चांगलं झोंबलं असंल.’’ दोन मिनिटांनी धाकटा आला आणि नेमकं हेच बोलला.

मग लिलावात एक डांगर पुकारलं गेलं. तांबडं, घागरीएवढं. वीस रुपयांपासून बोली सुरू झाली. थोरला शंभर म्हणाला. धाकट्यानं त्याच्याकडे न बघता दोनशे केले. हजारापर्यंत लोक हसत होते, दोन हजारांनंतर हसणं थांबलं. थोरल्यानं ४,२०० रुपयांना डांगर घेतलं, डोक्यावर धरून चौफेर दाखवलं आणि म्हणाला, ‘‘परत देवाला.’’ पुन्हा बोली. धाकट्यानं ४,५०० ला घेतलं. परत देवाला. तिसऱ्या फेरीत थोरल्यानं ५,१०० दिले तेव्हा गुरुजींचा आवाज बसला होता. एका डांगराचे १३ हजार ८०० रुपये. त्याचे संडे स्कूलच्या पोरांना घारगे झाले आणि त्या पैशांतून देवळाच्या पडवीवर नवे पत्रे चढले. भाऊबंदकीचे पत्रे म्हणून ते गावात प्रसिद्ध आहेत. गळत नाहीत.

या गडबडीत शेवटचा राहिला कोंबडा. तुरा लालभडक, मान सोनेरी, नजर पोलीस पाटलाची. बोली सहाशेवर होती. पोरं माझ्या पायांशी दंगा करायला लागली म्हणून मी हात वर करून ‘शांत व्हा’ अशी खूण केली.

‘‘पाळकसाहेब साडेसहाशे!’’ गुरुजी गरजले. ‘‘एक... दोन...’’

आशीर्वादाला उचललेला हात खाली घेता येत नाही. टाळ्या पडल्या. खजिनदारांनी वहीत टिपून घेतलं आणि रक्कम पुढच्या पगारातून वळती करायचं कबूल केलं. इतक्या तत्परतेनं त्यांनी माझं काही कबूल केलेलं मला आठवत नाही.

घरी पाळकीणबाई दारातच उभ्या होत्या. मी बचावाला टिळकांना पुढं केलं. म्हटलं, त्यांनी तर १९१७ साली मिशनची नोकरीच सोडली होती, पगारासकट. मी नुसते साडेसहाशे घालवले.

‘‘टिळकांचा संसार लक्ष्मीबाईंनी ओढला,’’ ती म्हणाली, ‘‘म्हणून ‘स्मृतिचित्रे’ लिहायला त्यांच्याकडे मजकूर होता. मला पुस्तक लिहायचं नाहीये.’’

कोंबड्याचा मुक्काम नाताळपर्यंत, असं ठरलं. पण नाताळच्या आदल्या दिवशी शेजारच्या आजी आल्या. त्यांचा दिवाळीचा फराळाचा डबा आमच्याकडे होता. तो आम्ही दरवर्षी नाताळात करंज्या-चकल्या भरून परत करतो. डबा रिकामा पाठवायचा नसतो, हा नियम दोन्ही धर्मांत सारखा आहे. आजींनी करंजी मोडून खाल्ली, सारण कमी आहे असं सांगितलं आणि खुराड्याकडे बोट दाखवलं. ‘‘ह्यो देवापुढं ठिवलेला ना? मंग कापायचा नसतोय. देवाला सोडलेल्या वळूला कोन कापतंय का?’’

आमच्या मतात असलं काही नाही, हे मी समजावू लागलो. पण पोरांनी आजींचा पक्ष घेतला. पाळकीणबाईंनीही घेतला, कारण सुरी तिच्या हाती येणार होती. माझी धर्मशास्त्राची पदवी एका करंजीत निकालात निघाली. नाताळला आम्ही बाजारातून दुसरा कोंबडा आणला, ज्याचा देवाशी काही संबंध नव्हता.

त्या वाचलेल्या कोंबड्यानं उपकार फेडले ते एप्रिलमधल्या वार्षिक सभेत. हिशेब वाचून झाला. आक्का उठल्या. ‘‘लिलावात आमची तुपाची बरणी होती, ती पुकारली का नाही? कुठं गेली?’’

खजिनदार म्हणाले, ‘‘कसली बरणी?’’

‘‘अहो, तुमच्याच टेबलाखाली ठेवली होती मी.’’

‘‘मी नाही पाहिली.’’

‘‘तुमच्या हातात दिली, खजिनदार!’’

‘‘आक्का, मला त्या बरणीचं काहीएक ठाऊक नाही.’’

आणि खिडकीबाहेर, पाळकनिवासाच्या कुंपणावर चढून, कोंबडा आरवला.

सभेत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आमच्या मंडळीत वर्गणी न भरणारे आहेत, उपदेशात घोरणारे आहेत, पण पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं आणि कोंबडा आरवला हे न जाणणारं शेंबडं पोरसुद्धा नाही. आधी मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, मग छप्पर उडालं. भाऊबंदकीच्या पत्र्यांसकट. बांधवाले दोघे भाऊही हसले. अर्थात वेगवेगळ्या बाजूंना तोंडं करून.

पेत्र बाहेर जाऊन रडला असं लिहिलंय. आमचे खजिनदारही बाहेर गेले, पण ते बरणी आणायला. घर जवळच होतं. बरणी आली तेव्हा अर्धी होती, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल आक्कांनी चौथा प्रश्न विचारला नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच हिशेब एकमतानं मंजूर झाला.

गेल्या महिन्यात बँकेतून फोन आला. तेच साहेब. आवाज एकदम कामाचा. ‘‘तुमच्या खात्याला व्यवसाय पशुपालन लागलाय. कर्जाच्या योजनेसाठी माहिती भरतोय. जनावरं किती?’’

खुलासा करावा असं मनात आलं होतं. मंडळी, मेंढपाळ, तो वाड्यावरचा भाऊ, सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात कुंपणावरून आरोळी उठली, आणि साहेबांनी ती फोनमधून ऐकली.

‘‘एक कोंबडा,’’ मी म्हणालो.

‘‘एकच?’’

‘‘एकच.’’

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. ‘‘एकावर कर्ज बसत नाही, पाळकसाहेब. निदान दोन-चार कोंबड्या तरी बघा.’’