निळा गेलेला गॅरेजवाला

शिकागोच्या उपनगरात एखाद्या घराला दोन गाड्यांचं ऐसपैस गॅरेज असावं आणि जानेवारीच्या बर्फात दोन्ही गाड्या बाहेर कुडकुडत उभ्या असाव्यात, तर खुशाल समजावं, की घरमालक आर्केडवाला, म्हणजे नाणं टाकून खेळायची जुनी व्हिडिओ गेम यंत्रं बाळगणारा आहे. आत गाड्यांच्या जागी पुरुषभर उंचीची लाकडी कपाटं रांगेनं उभी असतात. त्यातल्या एकाच्या मागच्या बाजूत पन्नाशीतल्या एका गृहस्थाचं डोकं अडकलेलं असतं. कपाळावर विजेरी, एका हातात प्लॅस्टिकचा पेचकस आणि दुसरा हात पँटच्या खिशात. खिशातला हात थंडीमुळे नव्हे. रंगीत पिक्चर ट्यूबच्या बाजूला एक रबरी टोपी असते, तिच्याखाली वीस हजार व्होल्टच्या आसपास वीज असते. दोन्ही हात आत घातले आणि चुकून भलतीकडे लागले, तर झटका छातीतून जातो. म्हणून एक हात खिशात, हा या पंथाचा पहिला नियम.

दुसरा नियम आरशाचा. पेच मागे फिरवायचा आणि परिणाम पुढच्या पडद्यावर बघायचा, म्हणून समोर खुर्चीवर आरसा टेकवतात. हा आरसा बहुधा न्हाणीघरातला असतो. घरातल्या बाईंना तो गेल्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

इतकं सगळं कशासाठी? तर निळा गेला.

कपाटात ‘पॅकमॅन’ आहे. १९८० साली जपानच्या नामको कंपनीनं तो काढला आणि अमेरिकेत तो बनवून विकला शिकागोजवळच्याच मिडवे कंपनीनं. अशा यंत्रांतले वेल्स-गार्डनरचे मॉनिटरही शिकागोचेच. त्यामुळे आपल्या गृहस्थाला हे ग्रामदैवत वाटतं. आता देवाचा निळा गेला म्हणजे काय झालं, ते ऐका. पॅकमॅनचा चक्रव्यूह निळ्या रेघांचा. त्या जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि पॅकमॅन नसलेल्या भिंतींना अडून मोकळ्या अंधारात काटकोनात वळू लागला. गुलाबी पिंकी आणि नारिंगी क्लाइड या दोन भुतांमधला फरकच निळ्याचा. तो जाताच दोघं जुळे भाऊ झाले. आकाशी इंकी हिरवागार पडला. एकटा ब्लिंकी मूळचाच शुद्ध लाल, म्हणून तेवढा अब्रूनं वावरतोय. (लाल गेला असता तर त्याचे नुसते डोळे फिरताना दिसले असते. हे बघायला मिळालं नाही, याची गृहस्थाला थोडी खंत आहे.)

पाहुणा म्हणतो, “खेळता तर येतंय ना?”

या प्रश्नानंतर त्या पाहुण्याला कॉफी मिळत नाही. व्याख्यान मात्र मिळतं. या खेळाच्या बोर्डात लालाला तीन बिट दिलेत, हिरव्याला तीन, निळ्याला फक्त दोन. म्हणजे निळ्यावर जन्मापासूनच अन्याय आहे आणि तुम्ही विचारताय, खेळता येतंय ना!

मग तपास सुरू होतो, आणि इथे मात्र माणसाचं कौतुक करायला हवं. मॉनिटरला येणाऱ्या लाल आणि निळ्या सिग्नलच्या वायरी तो आपसात बदलतो. निळा परतला आणि लाल गेला, तर गुन्हेगार गेमच्या बोर्डात किंवा वायरीत. निळा तसाच गायब राहिला, तर मॉनिटरमध्ये. पाच मिनिटांचं काम, फुकटात. बदल केल्यावर भिंती लालबुंद झाल्या, पॅकमॅन हिरवा झाला आणि ब्लिंकीचे अखेर नुसते डोळे उरले. गृहस्थाचा चेहरा उजळला. एक, दोष मॉनिटरमध्ये असल्याचं सिद्ध झालं. दोन, डोळे बघायला मिळाले.

शहाणा माणूस इथून सरळ ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या छोट्या पट्टीकडे गेला असता. प्रत्येक रंगाचा एक ट्रान्झिस्टर तिथे असतो. मल्टिमीटरनं तिघांचे व्होल्ट मोजायचे. दोघांचे जुळले आणि तिसऱ्याचे नाही, तर चोर तिथेच. पण मित्रमंडळी आडवी येतात. त्यांचा एकच सल्ला: “सगळे कपॅसिटर बदल.” आजीच्या घरी पोटदुखीपासून उदासीपर्यंत सगळ्यावर त्रिफळा चूर्ण असायचं, तसं या पंथात कपॅसिटरचं किट. चित्र लहरतंय? किट. काठ आत ओढले गेलेत? किट, आणि तेव्हा ते बऱ्याचदा लागूही पडतं. पण एकच रंग गेला असेल तर त्याचा कपॅसिटरशी सहसा संबंध नसतो. हे गृहस्थाला माहीत आहे. तरी त्यानं किट मागवलं, रविवारभर बसून एकेक कपॅसिटर बदलला आणि बटण दाबलं. निळा नाहीच.

दरम्यान त्यानं पट्टीवरचे रंगांचे पेचही फिरवून पाहिले. एक नव्हे, सगळे, आणि मुळात कुठे होते याची खूण न करता. आता निळा नाहीच, वर काळी पार्श्वभूमी हिरवट झाली.

आपल्याकडच्या नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेम पार्लरवाल्याला ही चैन परवडली नसती. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ महाराष्ट्रभर त्यातल्या एका पात्राच्या, ‘मुस्तफा’ या नावानं खेळला गेला. लाल गेला आणि मुस्तफाची पिवळी टोपी हिरवी झाली, तर पार्लरवाला कपाटाला बाजूनं एक थाप मारायचा. टोपी पिवळी झाली तर ठीक, नाही तर हिरवी. पोरं नाणी टाकतच होती. विनोद असा, की त्या थापेत शास्त्र होतं: ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरचा सांधा सुटलेला असेल, तर हादऱ्यानं तो घटकाभर जुळतो.

शिकागोतही शेवटी निघालं तेच. ट्यूबच्या मानेवरच्या त्याच पट्टीवर, सॉकेटच्या एका पिनेभोवती केसाएवढी गोल चीर. सोल्डरचा एक ठिपका, आणि भिंती निळ्याशार. बाई दारात येऊन म्हणाल्या, “झालं? मग आता खेळ.” तो खेळला. २५६व्या पातळीवर आठ बिटांचा आकडा ओसंडून पडद्याचा उजवा अर्धा भाग बिघडतो, हे तो झोपेतही समजावून सांगेल. पण तिसऱ्या पातळीवर त्याचे तिन्ही पॅकमॅन संपले. मग तो पुन्हा मागे गेला. हिरवा जरा जास्त वाटतोय म्हणाला.

असा गृहस्थ तुमच्या ओळखीत असेल तर त्याच्याकडे जरूर जा. फक्त रंग बरोबर दिसतायत असं पहिल्याच मिनिटाला म्हणू नका. आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना कपाटामागे जाऊ देऊ नका, कारण प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये भार राहतो.