साखरपुडा प्लॉटवर उतरला

क्लाउडवाल्यांना दरमहा भाडं कशाला भरायचं, या बाणेदार विचाराने मी घरीच सर्व्हर उभारला. म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय, त्यात 32 जीबीचं मेमरी कार्ड आणि वायरीने लोंबकळणारी 2 टीबीची हार्ड डिस्क. शोकेसमध्ये गणपतीशेजारी जागा मिळाली. "देवाजवळच असू दे, गरज लागेल," बायको म्हणाली.

एका रात्री वीज जाऊन आली. सर्व्हर उठला, डिस्क मात्र झोपूनच राहिली. लिनक्समध्ये डिस्क जोडायची तर एक रिकामं फोल्डर करून तिथे ती 'माउंट' करतात. डिस्क आली नाही तरी फोल्डर जागेवर असतंच. आम्हा मुंबईतल्या चारकोपकरांना हे वेगळं सांगायला नको. 1985 साली जागतिक बँकेच्या कर्जावर सुरू झालेल्या योजनेत इथे आधी प्लॉट आखले, नंबर पडले. घरं ज्याची त्याने मागाहून बांधली. घर नसलं तरी पत्ता खरा. टेम्पोवाला नंबर बघतो, सामान मोकळ्या प्लॉटवर उतरवतो आणि निघून जातो.

आमच्या फोनांनी तेच केलं. मेहुणीच्या साखरपुड्याचे व्हिडिओ रात्रभर त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मेमरी कार्डावरच, उतरत राहिले. सकाळी कार्ड तुडुंब, सर्व्हर ठप्प.

मी वायर काढून परत लावली, सर्व्हर बंद-चालू केला. (आमचं संगणकशास्त्र इथे सुरू होतं आणि बहुधा इथेच संपतं.) डिस्क जोडली गेली, जुने फोटो हजर झाले आणि साखरपुडा गायब! उतरवलेल्या सामानावरच घर उभं राहिलं होतं. पण हे ध्यानात येण्याआधी मी "व्हायरस आहे" असं ठामपणे सांगून बसलो होतो. दुपारपर्यंत 'जावयाने साखरपुडा पुसला' ही बातमी सासुरवाडीहून फिरून आमच्याच सेक्टरात परत आली.

शेवटी डिस्क 'अनमाउंट' केली. खाली कार्डावर साखरपुडा सुखरूप होता. त्याच्याशेजारी आणखी एक फोल्डर होतं: गेल्या गणपतीतले फोटो. बहुधा तेव्हाही वीज गेली असणार. ते फोटो 'तूच फोनवरून पुसलेस' असं मी बायकोला वर्षभर ऐकवत आलो होतो.

डिस्क पटकन परत जोडून टाकावी असं मनात आलं. पण बायको मागेच उभी होती.