बाकड्यावरची ओपीडी

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. २०१६ पासूनची योजना. आत डॉक्टरीणबाई रक्तदाब बघतात. खरी ओपीडी बाहेरच्या बाकड्यावर भरते. पोट पुढे आलं तर मुलगा, पसरलं तर मुलगी, हे निदान चालतं ते नेमकं ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली. १९९४ चा कायदा सोनोग्राफीच्या यंत्राला सील ठोकतो; सासूबाईंच्या नजरेला कोण ठोकणार? डोहाळेजेवणात तर वाटीखालचा पेढा नाहीतर बर्फी निकाल देते, तोही टाळ्यांच्या गजरात.

पपई नको, केशर हवं, ग्रहणात सुई-कात्री धरायची नाही. सगळं तोंडपाठ. लोहाच्या गोळीचं तेवढं कुणी विचारत नाही. सरकार १८० दिवस पुरतील इतक्या गोळ्या फुकट देतं, कारण राज्यातल्या जवळजवळ निम्म्या गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी. पण गोळीनं शी काळी होते, म्हणजे बाळही काळंच होणार, असा शोध बाकड्यावर लागलेला! मग गोळ्या फडताळात. एखादी घेतलीच तर चहाबरोबर. म्हणजे लोह अंगी लागायची धास्ती नाही.

आशाताई बिचारी घसा कोरडा करते: १०२ नंबर लिहून ठेवा, रक्तगट पाठ करा, वेळ आलीच तर रक्त कोण देणार ते आत्ताच ठरवा. बायका माना डोलावतात.

“ते सगळं खरं हो ताई, पण बारशाला हॉल घ्यायचा की दारातच मांडव?”