मधातले नाना

सेलू तालुक्यात कुठेही दोन माणसांचा आवाज चढला, की तिसरा आवाज नानांचा. "थांबा न बाप्पा! मले मधात पडू द्या." त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. बोलावल्यावर येतो तो वकील, अशी त्यांची समजूत. आपण पैसे घेत नाही, हे मात्र ते प्रत्येक भांडणात दोनदा सांगतात.

या कामाला नाना वारसा मानतात. धाम नदीकाठी पवनारला विनोबांचा आश्रम. १९५१ साली विनोबा पोचमपल्लीला जमीनवाले आणि भूमिहीन यांच्या मधात उभे राहिले आणि भूदान निघालं. १९६० साली चंबळच्या काही बागींनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. नानांच्या मते फरक इतकाच, की विनोबा पायी फिरत आणि नानांकडे लुना आहे. २००७ मध्ये सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली, तेव्हा समितीचं अध्यक्षपद घरी चालत येणार याची त्यांना खात्री होती. ग्रामसभेत त्यांच्या नावावरून अशी काही जुंपली, की शेवटी दुसराच माणूस एकमताने निवडावा लागला.

धुऱ्याचं भांडण हा त्यांचा खास प्रांत. उन्हाळ्यात दोन सख्खे भाऊ धुऱ्यावरच्या बाभळीवरून घुश्शात होते. थोरला म्हणे झाड माझं, धाकटा म्हणे सावली माझ्या तुरीवर पडते. पहिल्या पावसात विसरले असते. पण नाना मधात पडले. थोरल्याचं म्हणणं त्यांनी धाकट्याला सांगितलं, थोडं ठसठशीत करून. धाकट्याचं थोरल्याला, तेही तसंच. बाभूळ राहिली बाजूला. विहिरीच्या पाळ्या निघाल्या, मग आईच्या पाटल्या निघाल्या, आणि मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात गेला.

इंग्रजीचे एक निवृत्त मास्तर त्यांना पानठेल्यावर गाठून समजावत होते. "नाना, इंटरव्हीन म्हणजे लॅटिनमध्ये नुसतं मधात येणं. तेवढं करावं. पण इंटरफिअर हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या मारामारीतून आला, आणि इंग्रजीत आधी घोड्यांसाठी वापरत. चालताना ज्या घोड्याचा एक पाय त्याच्याच दुसऱ्या—"

"घोड्याचं राहू द्या, मास्तर," नाना म्हणाले. "तुमच्या उधारीबद्दल हा पानवाला मघाशी काय म्हणत होता, सांगू?"

मास्तरांचा घोडा तिथेच राहिला आणि पानवाल्याशी बोलणंही.

मोजणीच्या दिवशी नाना मोजणीवाल्यांच्या आधी शेतात हजर. टोपी, उपरणं, हातात जुना सातबारा. कोणाचा, ते त्यांनाच ठाऊक. दुपारी निकाल लागला: बाभूळ थोरल्याची नाही, धाकट्याचीही नाही, सरकारी पांदणीत आहे. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं, मग दोघांनी मिळून नानांकडे.

"पाहा," नाना लुनाकडे सरकत म्हणाले, "झाली की नाही तुमची एकी?"

आणि लुना सुरू होण्याआधीच त्यांनी तलाठ्याला फोन लावला. बाभूळ सरकारची आहे, तर इतकी वर्षं तिच्या शेंगा कोणाच्या बकऱ्यांनी खाल्ल्या?