काचेवर थुंकायला लाजणाऱ्या सभ्य गृहस्थांस

माननीय पर्यटक महोदय,



परवा मालवणच्या समुद्रात आपण आमच्याच होडीत होतात. ‘साहेब, काचेक आतसून थुकी लावा,’ असं म्हणत होडीवरच्या पोराने डायव्हिंगचा मास्क पुढे केला, तेव्हा भर श्रावणात कुणी पानात सुकट वाढावी तसा आपला चेहरा झाला. ‘शी! चारचौघांत?’ आपल्या शालीनतेने ऊर भरून आला. तासाभरापूर्वी धक्क्याच्या भिंतीवर आपण मारलेली लाल पिचकारी बहुधा एकांतातली असावी.

महोदय, डोळ्यांबरोबर नाकही मास्कच्या आत असतं. खाली पाण्याचा दाब मास्क चेहऱ्यावर आवळतो, तेव्हा नाकानेच त्यात थोडी हवा सोडावी लागते. ती हवा उबदार, दमट. काच मात्र पाण्याने गार झालेली. मग वाफेचे बारीक थेंब काचेवर जमतात आणि समोर धुकं दाटतं. लाळेमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. थेंब न धरता पातळ, पारदर्शक थर पसरतो. झालं, एवढंच शास्त्र!

ज्यांना हे फार गावठी वाटतं त्यांच्यासाठी अमेरिकेचा दाखला देतो. 1966 साली जेमिनी-9ए मोहिमेत युजीन सर्नन अंतराळात चालायला यानाबाहेर पडले आणि शिरस्त्राणाच्या काचेवर इतकी वाफ धरली की त्यांना दिसेनासं झालं. पुढे अशा काचांना धुकं रोखणारं द्रावण लावू लागले. 2001 मध्ये असंच द्रावण डोळ्यांत जाऊन क्रिस हॅडफील्ड यांना यानाबाहेर काही काळ काही दिसेना. त्या मानाने आपली लाळ घरची आणि फुकट.

आपण मात्र कोरड्या काचेने पाण्यात उतरलात आणि धुकं आत असताना बाहेरून बोटाने काच पुसत राहिलात. वर येऊन ‘खाली काहीच नाही’ म्हणत पैसेही परत मागितलेत. आम्हाला तिथे प्रवाळ दिसलं, मासे दिसले. त्यांना आपण दिसलात की नाही, ठाऊक नाही.

पुढच्या खेपेसाठी एवढंच करा. कोरड्या काचेला आतून थुंकी लावा, कडेपर्यंत चोळा, एकदाच हलकं विसळा आणि मास्क घाला. तो कपाळावर चढवून मिरवू नका. लाजच वाटली तर लहान मुलांच्या शाम्पूचा पाणी घातलेला थेंब चालतो. स्वतःचा कोरा मास्क आणलात, तर कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा थर आधी पांढऱ्या टूथपेस्टने घासून काढा. तो असेपर्यंत थुंकीचीही मात्रा चालत नाही.

आपल्यासारख्यांच्या सोयीसाठी प्रत्येक मास्कला ‘येथे थुंकावे’ अशी चिठ्ठी बांधा, असं मी होडीवाल्यांना सुचवलं होतं. पाट्या वाचून आपली मंडळी काय करतात, हे त्यांनी रोज पाहिलेलं. सूचना त्यांनी जागीच फेटाळली.

कळावे,
आपला नम्र,
त्याच होडीतला एक सहप्रवासी